मदत हवी आहे: आज्जीच्या कुडीतला एक हिरा पडलाय, त्या जागी कुठल्या रंगाचा लावायचा?

वडगावची लेक

नमस्कार. आम्ही बेळगावचे, वडगावात राहतो. आज्जीच्या हिऱ्याच्या कुड्या आईनं जपून ठेवल्यात. तुळशीच्या लग्नानंतर भावाचं लग्न आहे आणि त्या भावजयीच्या कानात घालायच्या असं आईनं ठरवलंय. जुन्या घडणीच्या आहेत, मधे एक खडा आणि भोवती सहा, दोन्ही मिळून १४. त्यातल्या डाव्या कुडीतला कडेचा एक पडला आणि घरभर केर चाळूनही सापडला नाही. खड्याच्या रिकाम्या घरात तळाशी चंदेरी पत्र्याचा कपटा दिसतो, तोही कडेनं काळा पडलेला. मागची बाजू सोन्यानं बंद आहे.

शहापुरात एका पेढीवर दाखवलं. ते म्हणाले, "ई-एफ कलरचा लावून देतो, यापेक्षा पांढरा बघायला मिळणार नाही." कोल्हापुरात गुजरीतल्या सराफाला विचारलं तर ते म्हणाले की जुने खडे पिवळे आहेत, सगळे काढून १४ नवे बसवा, शोभा येईल. तिसऱ्या ठिकाणी चिठ्ठीवर 'टीटीएलबी' असं लिहून दिलंय, तो स्वस्तात पडतो म्हणे. त्याचा अर्थ विचारला तर "चांगला माल आहे, हॉलमार्कसकट देतो" एवढंच उत्तर.

आणखी एक कोडं आहे. सकाळी परसात उन्हात धरल्या तर हे खडे पांढरे दिसतात, थोडी निळसर झाकही मारतात. रात्री घरातल्या बल्बखाली तेच खडे पिवळट. मग यांचा खरा रंग कुठला धरायचा? आईला सगळे खडे बदलायचे नाहीत, मलाही नाहीत. पण एकच खडा वेगळा उठून दिसला तर लग्नात प्रत्येकाची नजर तिथंच जाईल. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपा करून सांगा, सराफाकडे नेमकं काय मागायचं?

खानापूरकर

ताई, हॉलमार्कच्या भरवशावर राहू नका. तो शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी ओळख क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल अवाक्षर नाही. ७५० असेल तर १८ कॅरेट, ९१६ असेल तर २२. हिरा कसला, कुठल्या रंगाचा, हे बिलावर वेगळं लिहून घ्यायला लागतं.

संकेश्वरचा दगडपारखी

मी बरीच वर्षं सुरतेला हिरे निवडायच्या कामावर होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रंगाची पट्टी समजून घ्या. आज सगळीकडे चालते ती अमेरिकेतल्या जीआयए संस्थेची, १९५० च्या दशकात बसवलेली. डी पासून झेड पर्यंत अक्षरं. डी, ई, एफ म्हणजे रंग नाहीच. जी ते जे म्हणजे जवळजवळ नाही, जाणकारालाही खडा उलटा करून बघितल्यावरच कळतो. के पासून पुढं हलकी पिवळट छटा यायला लागते आणि झेडकडे ती वाढत जाते. सुरुवात ए पासून नाही, कारण त्याआधी बाजारात ए, डबल ए असलं काहीबाही चालायचं, त्यात नवीन पट्टीची गल्लत नको होती. पिवळेपणा येतो तो बहुतेक वेळा हिऱ्यात अडकलेल्या नायट्रोजनमुळं. तो मळ नाही, घासून जात नाही. टीटीएलबी म्हणजे टॉप टॉप लाइट ब्राउन, म्हणजे अगदी फिकट तपकिरी छटेचा माल. तो खोटा नसतो, पण पिवळट खड्यांच्या शेजारी तपकिरी खडा बसवला की दोन्ही मळके दिसतात. तो घेऊ नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या कुडीचा रंग कोंदणात बसलेल्या अवस्थेत कोणीही खात्रीनं सांगू शकत नाही. रंग बघायचा तो सुटा खडा. पांढऱ्या कागदाची घडी करून तिच्यात खडा पालथा ठेवायचा, तोंड खाली, टोक वर, आणि बाजूनं बघायचं, शेजारी ठरलेल्या रंगाचे नमुन्याचे खडे ठेवून. बसलेल्या खड्यात सोन्याच्या भिंतींचा पिवळा रंग शिरतो. तुमच्या कुडीत तर मागं चंदेरी पत्रा आहे आणि तो काळवंडलाय. म्हणजे जो पिवळेपणा दिसतो त्यातला काही हिऱ्याचा, काही सोन्याचा आणि काही त्या पत्र्याचा. "जुने खडे पिवळे आहेत, सगळे बदला" असं वरवर बघून सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि बाकीचे खडे उगाच काढायला गेलं की जुन्या कोंदणाच्या पातळ भिंती फाटतात, खड्याच्या कडेचा टवका उडतो.

ई-एफ का नको, तेही सांगतो. एकटा खडा घेताना पांढरा चांगला, यात वाद नाही. पण इथं तो तेरा भावंडांत बसणार आहे. तीन मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण दहा सेंटच्या (कॅरेटच्या दहाव्या भागाच्या वजनाच्या) खड्यात एक-दोन अक्षरांचा फरक वरून डोळ्याला कळत नाही, पाच-सहा अक्षरांचा मात्र शेजारी-शेजारी लगेच कळतो. तुमचे खडे के-एल च्या घरात असतील आणि मधे ई बसवला, तर तो एक काचेसारखा कोरडा दिसेल आणि बाकीचे सगळे पिवळे ठरतील.

उन्हात पांढरे आणि रात्री पिवळट, याचंही कारण असू शकतं. काही हिरे अतिनील किरणांत निळे उजळतात. साधारण पाव ते एक तृतीयांश हिऱ्यांत हा गुण कमी-जास्त असतो. उन्हात अतिनील भरपूर, म्हणून ती निळाई पिवळेपणा झाकते. घरातल्या बल्बमध्ये ते जवळपास नसतं, म्हणून खरी छटा उघडी पडते. आमच्याकडं जुनी माणसं 'ब्ल्यू जागर' म्हणून ज्या खड्यांचं कौतुक करतात त्यांचं ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफोंटेन खाणीच्या नावावरून आलंय, त्यात हीच निळी झाक असायची. तुमचे खडे जागर आहेत असं मी म्हणत नाही, ते इथं बसून सांगता येणार नाही. पण एक तपासणी फुकटात होते. बेळगावच्या खडेबाजारातल्या कापडाच्या दुकानांत नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची पेटी असते. तिच्याखाली अंधारात दोन्ही कुड्या धरून बघा आणि इथं लिहा.

निपाणीची सून

माझ्या सासूबाईंच्या कुड्यांचे सगळे खडे एका पेढीनं बदलून दिले. लखलखतात खूप, पण फोटोतल्या त्या जुन्या कुड्या या नव्हेत. जुने खडे वेगळ्या घाटाचे असतात हो, तोंड लहान आणि अंगानं उंच. त्यांची चमक मोठ्या-मोठ्या ठिपक्यांची, आताच्यांची बारीक चुरचुरीत. रंग जुळवताना हेही बघा. आणि आई मायेपोटी रिठ्याच्या पाण्यात भिजवायला गेल्या तर थांबवा. मागं पत्रा असलेल्या कोंदणात पाणी शिरलं की तो आणखी काळा पडतो. वरून कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, बस्स.

वडगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ओळखीच्या कापड दुकानात जाऊन बघितलं. मालकांनी दिवे बंद करून दिले. तेरापैकी अकरा खडे निळे उजळले, काही जास्त, काही कमी. उजव्या कुडीतले दोन काळेच राहिले. रिकाम्या घराच्या दोन्ही बाजूंचे खडे निळे आहेत, मधलाही. ते दोन नंतर कधी बदललेले असतील का? आईला तसं काही आठवत नाही.

संकेश्वरचा दगडपारखी

बदललेले असतीलच असं नाही ताई. त्या काळी एकाच पुडीतून निवडलेल्या खड्यांतही काही उजळणारे, काही न उजळणारे मिसळलेले असायचे. शंका असेल तर सराफाला भिंग लावून त्या दोघांचा घाट बाकीच्यांशी ताडून बघायला सांगा. नुसतं उष्णतेचं टेस्टर लावून समाधान मानू नका, हिऱ्यासारखा दिसणारा मोइसानाइट खडाही त्यावर हिरा म्हणूनच पास होतो.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की पडलेल्याचे शेजारी उजळणारे आहेत. त्या जागी न उजळणारा खडा बसवला तर रात्री जुळेल आणि दुसऱ्या दिवशी मांडवाच्या उन्हात वेगळा पडेल. तेव्हा सराफाला अक्षर सांगू नका. त्याच्याकडचे जे, के, एल, एम मधले, मध्यम निळे उजळणारे चार-पाच खडे मागवा. रिकाम्या घरात आधी नवा चंदेरी पत्रा घालून मेणाच्या गोळीवर एकेक खडा टेकवून बघायला सांगा, कारण सुटा बघितलेला आणि घरात बसलेला खडा सारखा दिसत नाही. पेढीवरच्या झगमगीत दिव्याखाली ठरवू नका. दाराबाहेर सावलीत बघा, उन्हात बघा, आणि जमलं तर संध्याकाळी साध्या बल्बखाली, हातभर लांबून. जो तिन्ही ठिकाणी नजरेत भरणार नाही तो घ्या. असले खडे ई-एफपेक्षा स्वस्तच पडतात. बिलावर 'नैसर्गिक हिरा', वजन, रंग आणि उजळण्याचा गुण लिहून घ्या. लॅबमध्ये वाढवलेला असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि काम समोर बसून करून घ्या, कुडी ठेवून येऊ नका.

वडगावची लेक

दादा, हे सगळं वहीत उतरून घेतलं, आईला वाचूनही दाखवलं. तिची सगळे खडे बदलायची भीती गेली. आता एवढंच विचारते: बेळगाव, निपाणी किंवा गडहिंग्लज भागात जुन्या घाटाचे सुटे खडे ठेवणारा आणि समोर बसवून कोंदण करून देणारा जुना कारागीर कोणाच्या ओळखीत आहे का? खडा साधारण तीन मिलिमीटरचा, के-एल च्या आसपास, निळा उजळणारा हवा. असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, रविवारी आईला घेऊन कुठंही यायची तयारी आहे.