मदत हवी आहे : कात्रजच्या नळाचे हौद आणि उच्छ्वास

नमस्कार मंडळी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, हे आपण पुणेकर अभिमानाने सांगतो. पण दाखव म्हटलं की बोंब! फडके हौद चौकातून रोज जातो. तिथे आता फक्त नाव आणि ट्रॅफिक. (बदामी हौदाचीही तीच कथा असावी.)

भाचीला घेऊन रविवारी सकाळी पेठांमधून पायी फिरायचंय. नळाची हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून बांधलेले उच्छ्वास, म्हणजे ते दगडी धुराड्यासारखे मनोरे, आज नेमके कुठे दिसतात? एखाद्या वाड्यात हौद शाबूत आहे का? मालक आत सोडतात का, की आधी विचारावं लागतं? गूगल मॅपपेक्षा 'अमक्या बोळात डावीकडे' असा पत्ता चालेल.