पाच प्रश्नांत जेवण कुठे आहे?

ताई, ‘आजारात १० वर्षं की ठणठणीत ७ वर्षं’ असं कॅन्सरच्या रुग्णाला विचारणं क्रूर आहे, असं तुम्ही लिहिलंत. पण हा प्रश्न बहुतेकदा रुग्णांना नव्हे, सर्वसामान्य लोकांना विचारतात. दोन्ही सारखंच वाटलं तर त्या अवस्थेचं मूल्य ०.७ धरतात (१ म्हणजे पूर्ण ठणठणीत). भारतासाठी ईक्यू-५डी या तब्येतीच्या पाच प्रश्नांच्या प्रश्नावलीचे असे आकडे २०२२ मध्ये आले.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्यात पाचच गोष्टी: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता. आमचा निपाणी भाग तंबाखूचा, तोंडाचा कॅन्सर इथं कुणाला नवा नाही. जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस शेतात जातो, दुखणंही फारसं नसतं. पण भाकरी चावत नाही, पंगतीला बसायची लाज वाटते. हे त्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही, आणि याचा मला फार त्रास होतो.

ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या डोके-मान कॅन्सरच्या प्रश्नावलीत गिळणं, बोलणं, चारचौघांत खाणं विचारतात. पण तिच्यातून असा एकच आकडा थेट निघत नाही, आणि खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यांना तोच लागतो. म्हणून खानापूर-निपाणीकडच्या लोकांना ‘१० वर्षं की ७’ हा प्रश्न जरूर विचारावा, फक्त आधी तोंड न उघडणं म्हणजे काय ते नीट सांगून.