मदत हवी आहे: दोन देशांच्या जंगलांच्या नोंदी एकत्र कशा जोडायच्या?

युरोपातल्या आयसीपी फॉरेस्ट्सच्या (जंगलांच्या आरोग्यावर नजर ठेवणारा कार्यक्रम) १६ × १६ किमी अंतरावरच्या निरीक्षण-प्लॉटच्या जाळ्यातल्या, सीमेला लागून असलेल्या दोन देशांच्या नोंदी जोडायच्या आहेत. झाडाचा पर्णसंभार किती विरळ झाला, हे दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या टप्प्यांतच नोंदवलेलं आहे. तरी सीमा ओलांडली की सरासरी एकदम उडी मारते. जात तीच, वय जवळपास तेच. जंगल काही सीमा बघून आजारी पडत नाही!

संशय संदर्भ-झाडावर आहे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून विरळपणा ठरवतात त्या झाडावर. एका देशात त्याच परिसरातलं निरोगी झाड प्रमाण धरतात, दुसऱ्यात फोटो-पुस्तिकेतलं आदर्श झाड. कोरड्या जागी स्थानिक झाडच मुळात विरळ, म्हणून पहिल्या पद्धतीत आकडा कमी येतो.

प्रत्येक प्लॉटची दीर्घकालीन सरासरी वजा करून फक्त वार्षिक फरक जोडले, तर कल जुळतो. पण २५ टक्क्यांहून जास्त विरळ झालेली झाडं किती, हे मोजता येत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) ताळा म्हणून वापरला, तर विरळ जंगलात खालची झुडपंच हिरवी दिसतात.

एकाच फोटोसंचावर दोन्ही देशांच्या निरीक्षकांचे अंदाज घेऊन सुधारणा-गुणांक काढलाय का कुणी? जातवार किती फोटो पुरतात? आणि जुन्या वर्षांना तोच गुणांक लावावा का?