मदत हवी आहे: जुन्या ऑनलाइन गेमचे ग्राफिक्स सेटिंगमधून सुधारतात का?

गंजलेला स्क्रू
मंडळी, जरा घाईत आहे. गेम जुना आहे हे मान्य, पण इतका भिकार दिसायला नको. भिंतीजवळ गेलं की विटांच्या जागी नुसते चौकोन. लांबचा माणूस म्हणजे चार ठिपके. लॅपटॉप नवाकोरा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, बाकीचे गेम मस्त पळतात. सेटिंगमध्ये दिसेल ते सगळं वर नेऊन पाहिलं, ढिम्म फरक नाही. "नवीन गेम घे" हा सल्ला कृपया नको. रात्री सगळे खेळायला जमणार आहेत, त्याआधी सांगा.

तिरपा बाण
गेमचं नाव?

झोपाळू ससा
रिझोल्यूशन किती? कार्ड कोणतं? एखादा स्क्रीनशॉट टाका, आम्ही काय ज्योतिषी आहोत का?

गंजलेला स्क्रू
काउंटर-स्ट्राइक हो, आणखी कोणता असणार!

तिरपा बाण
त्या नावाचे पाच गेम आहेत.

गंजलेला स्क्रू
1.6. स्टीमवरचा, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायचं ते ॲप.

फुकटसल्ला
कन्सोल (गेममध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून नेटची सेटिंग बदला: रेट 25000 करा, अपडेटरेट आणि सीएमडीरेट दोन्ही 101. माझा गेम पूर्वी अडकत अडकत चालायचा, आता पाण्यासारखा चालतो.

गंजलेला स्क्रू
नेट ठीक आहे, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) 20 आहे माझा. मी दिसण्याबद्दल विचारतोय.

फुकटसल्ला
बरं, पण रेट तपासून घ्याच.

पाचवा गियर
एवढी चर्चा कशाला? रीशेड टाका, गेमच्या चित्रावर वरून फिल्टर चढवणारं सॉफ्टवेअर. रंग, धार, सावल्या, सगळं बदलतं. मी दुसऱ्या एका जुन्या गेमला लावलंय, ओळखू येत नाही. शिवाय एचडी मॉडेलचे पॅक मिळतात, बंदुका अगदी नव्या गेमसारख्या.

झोपाळू ससा
तो गेम एकट्याने खेळायचा असेल. हा ऑनलाइन आहे. ओपनजीएल म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घ्यायची पद्धत; त्यासाठी रीशेड गेमच्या फोल्डरमध्ये ओपनजीएल32 नावाची डीएलएल फाइल ठेवतं. 1.6 मध्ये भिंतीपलीकडचं दाखवणारे चीट नेमके त्याच नावाच्या फाइलने चालायचे. सर्व्हरवाला तुमचे रंग बघत बसणार नाही, थेट बाहेर काढेल. आणि मॉडेल बदलली तर कित्येक सर्व्हर "तुमची फाइल आमच्या फाइलपेक्षा वेगळी आहे" म्हणून दारातूनच परत पाठवतात.

पाचवा गियर
मला कधी कुणी काढलेलं नाही.

झोपाळू ससा
1.6 मध्ये?

पाचवा गियर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तिरपा बाण
धागाकर्ते, तुम्ही "चौकोन" म्हणालात तिथेच दुखणं आहे. ऑप्शन्समध्ये व्हिडिओ उघडा आणि रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, काय आहे ते बघा. हे इंजिन क्वेकच्या इंजिनातून निघालंय, म्हणजे घरोघरी ग्राफिक्स कार्ड नव्हती त्या काळातलं. म्हणून त्यात सॉफ्टवेअर रेंडरर आहे: सगळं चित्र प्रोसेसरच काढतो, कार्डाला हातही लावत नाही, आणि भिंतीवर चिकटवलेलं चित्र (टेक्श्चर) जवळून गुळगुळीत न करता जसंच्या तसं मोठं करून दाखवतो. म्हणून चौकोन. ओपनजीएल निवडा. "लो व्हिडिओ क्वालिटी" या चौकटीत बरोबरची खूण असेल तर तीही काढा.

गंजलेला स्क्रू
ते केलंय की! दर वेळी ओपनजीएल करतो, मोठं रिझोल्यूशन देतो. गेम बंद करून चालू केला की परत सॉफ्टवेअर आणि 640 बाय 480.

तिरपा बाण
हे आत्ता सांगताय? धाग्याची पहिली ओळ हीच हवी होती!

झोपाळू ससा
लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमला "हाय परफॉर्मन्स" द्या.

तिरपा बाण
ससेभाऊ, 1.6 आला 2003 मध्ये. प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्ससुद्धा त्याला पुरून उरतं. इथे कार्डाचा संबंध नाही, कुणीतरी सेटिंग मागे ओढतंय. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शन्सची एक रिकामी ओळ असते. ती रिकामी आहे का?

गंजलेला स्क्रू
नाही. -सॉफ्ट -डब्ल्यू 640 -एच 480 असं लिहिलंय. (मूळ इंग्रजीत.) जुन्या मशीनवर गेम चालत नव्हता तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून टाकलं होतं. पण हा लॅपटॉप नवीन आहे ना? मी फक्त स्टीमचा अख्खा फोल्डर उचलून इकडे आणला.

तिरपा बाण
"फक्त"! "सॉफ्ट" म्हणजे सॉफ्टवेअर रेंडरर, डब्ल्यू आणि एच म्हणजे रुंदी-उंची. पुसा ती ओळ. ती असेपर्यंत मेनूत काहीही करा, चालू होताना गेम तिचंच ऐकणार.

एकडोळ्या
पुसू नका! 640 बाय 480 रुंद स्क्रीनवर ताणलं की माणसं आडवी फुगतात, नेम धरायला सोपी. मी आजही तसंच खेळतो. जुन्या काचेच्या मॉनिटरवर 100 हर्ट्झला जी मजा होती...

झोपाळू ससा
माणूस फुगला तर तो पळतानाही स्क्रीनवर तितक्याच वेगाने सरकतो. फायदा मनाचा.

एकडोळ्या
मनाचा फायदा म्हणजे फायदा नाही का?

गंजलेला स्क्रू
झालं!! 1920 बाय 1080, ओपनजीएल, बंद करून चालू केलं तरी टिकलं. विटा विटांसारख्या दिसतायत. बाणसाहेब, दंडवत. आता एकच: डस्ट टू या मॅपमधली लांबची जमीन पुसट दिसते आणि न्यूक मॅपमधल्या जाळीच्या कुंपणाच्या कडा चुरचुरतात.

तिरपा बाण
ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फक्त या गेमसाठी अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या पृष्ठभागावरचं चित्र स्वच्छ ठेवणारी सोय) 16 पट करा, जमीन लांबपर्यंत स्वच्छ होईल. जाळीचं दुखणं वेगळं. ती खरी जाळी नाहीच, सपाट फळीवर चिकटवलेलं भोकाभोकांचं चित्र आहे. साधं अँटिअलायझिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणारी सोय) फळीच्या कडा घासतं, चित्रातल्या भोकांच्या नाही. तुमच्या कार्डाच्या पॅनेलमध्ये ट्रान्सपरन्सीसाठी (चित्रातल्या आरपार भागांसाठी) वेगळं अँटिअलायझिंग असेल तर ते लावा. आणि कार्ड कोणतं ते अजून सांगितलेलं नाही.

गंजलेला स्क्रू
नंतर सांगतो, सगळे आलेत.

फुकटसल्ला
रेट तपासला का?