शहापूरच्या माडीवरचे कॉमिक्स: ग्रेडिंग करायचं की तसंच विकायचं?

मंडळी नमस्कार,

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर या दिवाळीनंतर रिकामं करायचं ठरलंय आणि माडीवर धाकट्या काकांच्या कॉमिक्सच्या दोन मोठ्या ट्रंका आहेत. इंद्रजाल, अमर चित्रकथा, चांदोबा, थोडे डायमंडचे चाचा चौधरी. मराठी जास्त, पण कन्नड, हिंदी, इंग्लिश सगळंच मिसळलंय, आमच्या गल्लीत जे मिळेल ते वाचायचे लोक. खडेबाजारात एकाने बघून वजनावर भाव सांगितला म्हणे, काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. इकडे माझा मुलगा म्हणतो की सगळं अमेरिकेत आण, सीजीसी म्हणून कॉमिक्सची अवस्था तपासून ग्रेड देणारी कंपनी आहे तिच्याकडे पाठव, प्लास्टिकच्या डबीत सील होऊन नंबर मिळतो मग किंमत येते. खरंच असं असतं का? कुणाला अनुभव?

– शहापूरकर (सध्या न्यू जर्सी)

---

शहापूरकर वैनी,

मुलगा म्हणतो ते खरं आहे पण अर्धंच. सीजीसी फ्लोरिडात आहे, २००० साली सुरू झाली, ०.५ ते १० असा ग्रेड देते. ९.४ म्हणजे निअर मिंट, जवळजवळ नवं कोरं, ६ फाइन, ४ व्हेरी गुड, २ नुसतं गुड, आणि नाव 'गुड' असलं तरी कॉमिक फाटकंच असतं हो ते, फसू नका. पण प्रत्येक अंकाला फी, वर जाण्यायेण्याचं पोस्ट, इन्शुरन्स. ज्या अंकाची किंमत त्या फीच्या तीन-चार पटसुद्धा नाही तो पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. ट्रंकेतले बहुतेक अंक तसलेच असणार, आधीच सांगतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे भाषेप्रमाणे ढीग. कन्नड अंकांचं गिऱ्हाईक वेगळं, बेंगळुरूकडचं, ते मराठीच्या लॉटमध्ये घातले तर दोन्हीकडचा भाव पडतो. मग इंद्रजालमधले सुरुवातीचे नंबर शोधा. मालिका मार्च १९६४ ला वेताळापासून (म्हणजे फँटम) सुरू झाली, १९९० ला बंद पडली. १९७० सालाच्या आधीचे अंक सापडले तर ते बाजूलाच ठेवा, बाकी ऐंशीच्या दशकातले ढिगाने मिळतात.

अमर चित्रकथेत जास्त गफलत होते, कारण तेच पुस्तक कितीदा छापलंय. मागच्या कव्हरवर किंवा आत बाकीच्या पुस्तकांची यादी असते ती बघा. हातात लहान नंबरचं पुस्तक आणि यादीत नंबर शंभराच्या पुढे गेलेत म्हणजे ती नंतरची छपाई, मग काका कितीही म्हणोत की मी लहानपणी घेतलंय. छापलेली किंमतही बघा, त्यावरून अंदाज येतो.

– निपाणीकर

---

निपाणीकरांचं बरोबर आहे, फक्त एक राहिलं. मी टिळकवाडीतच असतो, मुलगी अमेरिकेत म्हणून या मेलिंग लिस्टवर आहे. काल काकांच्या परवानगीने माडीवर जाऊन आलो. वैनी, यातले बरेच अंक बाइंड केलेत की हो! दहा-दहा एकत्र, जाड पुठ्ठा, वर रेक्झीन, एवढं छान काम आता कोण करतंय. पण बाइंडरने तिन्ही कडा कटरने सरळ कापल्यात, एका वेताळाच्या कव्हरवर वरच्या अक्षरांची टोकंच गेलीत, आणि पिना काढून दोऱ्याने शिवलंय. ग्रेडिंगच्या हिशोबाने कडा कापलेला अंक खालीच जातो, तो परत वर येत नाही. म्हणून ते बाइंडिंग उसवायला जाऊ नका. तसाच अख्खा खंड वाचणाऱ्याला विका, असले खंड आवडीने घेणारे लोक आहेत.

सुट्या अंकांत आपल्या पावसाने काम केलंय. पिना गंजून मधल्या पानाला तांबूस डाग, कडेला कसर लागलेली, बऱ्याच ठिकाणी भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानाचा शिक्का. गंज खरवडू नका, सेलोटेप ओढून काढू नका, रंगासकट निघतो. काकू अंक गच्चीवर उन्हात घालणार होत्या, मी थांबवलं, कव्हर फिकट होऊन वाकडं झालं की संपलं. पंख्याखाली उभे ठेवायचे, डांबरगोळ्या कागदाला टेकू द्यायच्या नाहीत, आणि चांगले असतील ते एकेक पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. साधी पीव्हीसीची पिशवी नको.

– टिळकवाडीकर

---

विकायचं म्हणाल तर भाव ईबेवर बघताना जे मागितलेत ते बघू नका, 'सोल्ड' लावून खरोखर किती गेले ते बघा, जमीन-अस्मानाचा फरक असतो. फोटो समोरून, मागून, पिनांच्या बाजूच्या दुमडीचा आणि मधल्या पानाच्या पिनांचा, दोष आधी दाखवायचे, नंतर भांडण नको. अख्खा ढीग एका डीलरला दिला तर पैसे लगेच पण कमी, सुटे विकले तर जास्त पण कोण तरी महिनोन्महिने बसून कुरिअर करणारं पाहिजे. ते काम काकांना आवडेल का, हा खरा प्रश्न. अंक अमेरिकेत पाठवायचे झाले तरी पुरातन वस्तूंचा कायदा इथे लागत नाही, तो साधारण १०० वर्षांच्या पुढच्या वस्तूंना.

– निपाणीकर

---

काकांना विचारलं. बाइंडिंगचे खंड विकायचे नाहीत म्हणाले, ते चुलत भावाकडे अनगोळला जातील. सुट्यांपैकी जुने इंद्रजाल टिळकवाडीकर काका वेगळे काढून फोटो पाठवतायत, त्यातले खरंच स्वच्छ निघाले तरच ग्रेडिंगचा विचार, नाहीतर तसेच विकू. कन्नड ढिगासाठी बेंगळुरूचं कुणी ओळखीचं असेल तर मला वेगळा मेल टाका. चांदोबाचं मात्र कुणीच काही बोललं नाही, ते पण खूप आहेत हो!

– शहापूरकर