शेडिंजाची रिकामी जागा

पोकेमॉन गेममध्ये एकान्स आणि आर्बोक ही इंग्रजी नावं उलटी वाचली की ‘स्नेक’ आणि ‘कोब्रा’ निघतात; अशा गमतींत शेडिंजा या पोकेमॉनची भर घालतो.

निनकाडा हा किड्यासारखा पोकेमॉन २० व्या लेव्हलला रूप बदलून निनजास्क होतो. त्याच वेळी पार्टीत, म्हणजे सोबतच्या पोकेमॉनच्या चमूत, एक जागा रिकामी असेल, तर तिथे गुपचूप शेडिंजा येऊन बसतो. म्हणजे किडा उडून गेला आणि मागे कात उरली! रूबी-सफायर या गेममध्ये (२००२) रिकामी जागा पुरायची. नंतरच्या डायमंड-पर्लपासून मात्र बॅगेत साधा पोकेबॉलही (पोकेमॉन पकडायचा चेंडू) लागतो, आणि तो एक खर्च होतो. ग्रेट बॉल किंवा अल्ट्रा बॉल चालत नाही. बहुतेकांचं घोडं अडतं ते इथेच, कारण गेमच्या शेवटाकडे साधे बॉल कोण बाळगतं? निनकाडा शायनी (दुर्मीळ, वेगळ्या रंगाचा) असेल तर दोघंही शायनी मिळतात.

शेडिंजाचा एचपी, म्हणजे जीव, कायम १. वंडर गार्ड या त्याच्या खास क्षमतेमुळे फक्त फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट आणि डार्क प्रकारचे हल्ले लागतात. पण विष किंवा वाळूचं वादळ हे हल्ल्यात मोजलं जात नाही, त्यामुळे तेवढ्यानेही खेळ खलास.

खरी मेख पोकेडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, आहे. त्याच्या पाठीवरच्या भेगेत डोकावणाऱ्याचा आत्मा चोरीला जातो म्हणे. आणि लढाईत आपला पोकेमॉन आपल्याला दिसतो कुठून? पाठीमागूनच!

जाता जाता, इंके या दुसऱ्या पोकेमॉनचं. एक्स-वायमध्ये तो ३० व्या लेव्हलला नुसता मालामार होत नाही, लेव्हल वाढताना थ्रीडीएस (ज्यावर गेम खेळतो तो हातातला कन्सोल) उलटा धरावा लागतो. संधी हुकली तर पुढच्या लेव्हलला पुन्हा धरा.