मदत हवी आहे: बाळाने अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचे औषध) गिळले असावे, पहिला ईसीजी ठीक आहे, तरी थांबायचे का?

पुतणी, वय २ वर्षे ३ महिने, वजन ११ किलो. सकाळी साडेनऊला अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमच्या पट्टीत तीन गोळ्या कमी दिसल्या. एक अर्धवट चघळलेली जमिनीवर सापडली. तासाभरात दवाखान्यात नेले. पहिला ईसीजी ठीक. नाडी १५०, गाल लाल, तोंड कोरडे, पण खेळतेय. डॉक्टर निदान सहा तास मॉनिटरवर ठेवायचे म्हणतात, घरचे म्हणतात घरी आणा. वाट कशाची बघायची? आणि नाडी एवढी जलद असताना ती उतरवायचे औषध का देत नाहीत?

प्रतिसाद १
कृपया घरी नेऊ नका. अशा वेळी गहाळ झालेली प्रत्येक गोळी पोटात गेली असेच धरतात. चघळलेली वजा करू नका. ७५ मिलिग्रॅम भागिले ११, म्हणजे किलोमागे जवळजवळ ७. या औषधाचे प्रमाण किलोमागे ५ च्या वर गेले असण्याची शक्यता असली, की मूल कितीही बरे दिसो, त्याला रुग्णालयातच ठेवायचे.

लाल गाल, कोरडे तोंड, जलद नाडी ही औषध अंगात भिनल्याची खूण आहे. हेच औषध आतड्यांची हालचालही मंदावते, त्यामुळे गोळी उशिरापर्यंत रक्तात उतरत राहते. पहिला ईसीजी फक्त त्या क्षणाचा असतो. खेळणारे मूल तासाभरात गुंगीत जाऊन त्याला आकडी येऊ शकते.

नाडी उतरवणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधे इथे घातक, कारण रक्तदाब आधीच कोसळण्याच्या बेतात असू शकतो. नुसती जलद नाडी असेल तर तिला हात लावत नाहीत.

प्रतिसाद २
खरी नजर क्यूआरएसच्या (ईसीजीतल्या, हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पसरताना उमटणाऱ्या टोकदार भागाच्या) रुंदीवर हवी. हृदयाच्या पेशींत सोडियम शिरण्याच्या वाटा हे औषध अडवते, मग विजेचा संदेश खालच्या कप्प्यांत रेंगाळत पसरतो आणि क्यूआरएस रुंदावतो. नेहमीच्या वेगाच्या कागदावर एक लहान चौकट ४० मिलिसेकंदांची. अडीच चौकटींच्या (१००) पुढे आकडीचा धोका, चार चौकटींच्या (१६०) पुढे ठोके जीवघेणे बिघडण्याचा. एव्हीआर लीडमध्ये (ईसीजीच्या एका ठरावीक आलेखात) आर लहर, म्हणजे क्यूआरएसमधली वर जाणारी लहर, ३ मिलिमीटरपेक्षा उंच झाली तरी तोच इशारा. म्हणून ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात, आणि प्रत्येक नवा कागद पहिल्याशी ताडून बघतात.

रुंदी वाढली तर शिरेतून सोडियम बायकार्बोनेट, किलोमागे १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट. या बाळाला ११ ते २२. असर काही मिनिटांत कागदावर दिसतो. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) ७.४५ ते ७.५५ दरम्यान राखतात. त्याने पोटॅशियम घसरते, तेही तपासत राहावे लागते. आकडीने रक्त आम्लधर्मी होऊन हृदयावरचा परिणाम आणखी वाढतो, म्हणून ती ताबडतोब थांबवायची: मिडाझोलाम किंवा लोराझेपाम, फेनिटॉइन नको.

धागाकर्ता
थांबतोय. त्याच डब्यात आजीच्या मेटोप्रोलोल, अम्लोडिपिन आणि डिगॉक्सिन या रक्तदाब-हृदयाच्या औषधांच्या पट्ट्याही होत्या. त्या मोजल्या नाहीत.

प्रतिसाद ३
आत्ता कोणाला तरी घरी पाठवून मोजून घ्या. पट्ट्यांचे आणि नावाच्या बाजूचे फोटो डॉक्टरांना दाखवा. नावापुढे ईआर, एक्सएल, एसआर असेल तर ते मुद्दाम सांगा: औषध सावकाश सुटते, निरीक्षण २४ तासांवर जाते. लहान मुलांत मेटोप्रोलोलने नाडी मंदावते आणि साखर घसरू शकते. अम्लोडिपिनने मुख्यतः रक्तदाब पडतो, साखर उलट वाढू शकते. म्हणून बोट टोचून साखर आताच बघायला सांगा. डिगॉक्सिन कमी भरले तर पोटॅशियम आणि औषधाची रक्तातली पातळी बघायला हवी. त्यावर खास प्रतिपिंडांचे इंजेक्शन असते आणि ते मागवायला वेळ लागतो, तेव्हा आधी बोलून ठेवा.

दुसरे काही कमी नसेल, तर सहा तासांनंतर बाळ पूर्ण जागे, नाडी वयाप्रमाणे, रक्तदाब ठीक आणि शेवटच्या ईसीजीत क्यूआरएस पहिल्याइतकाच अरुंद असेल तरच सुट्टीचा विचार. यातले एकही राहिले तर रात्रभर मॉनिटर.